घटक ४ : बोलीअभ्यासातील संख्यात्मक प्रतिमाने – गणित स्थिरावत नाही तेव्हा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• महत्तम संभवनीयता ही संकल्पना बोलीभाषेच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
• संगणक प्रतिमानाचे गुणक कसे शोधतो आणि तो शोध कोठे अडतो, हे सांगता येईल.
• अडलेल्या गणिताचे निदान योग्य क्रमाने करता येईल.
• संगणकाची सूचना बंद करणे आणि तिचे कारण दूर करणे यांतील फरक विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

एकच व्यक्ती एकाच संभाषणात कधी ‘पाणी’ म्हणते, कधी ‘पानी’ म्हणते. हा बदल यादृच्छिक नसून वय, शिक्षण, लिंग आणि प्रसंग यांच्याशी त्याचा संबंध असतो, हे सामाजिक भाषाविज्ञानाचे मूलभूत सूत्र आपणांस परिचित आहे. विल्यम लबॉव्ह यांचा न्यूयॉर्कमधील अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७४ मध्ये हेन्रिएटा सेडरग्रेन आणि डेव्हिड सँकॉफ यांनी अशा बदलांसाठी संभाव्यतेवर आधारलेले प्रतिमान मांडले. त्यातून ‘व्हारब्रूल’ ही संगणकप्रणाली रूढ झाली. आज हेच काम बहुधा ‘आर’ या विनामूल्य प्रणालीत लॉजिस्टिक रिग्रेशनच्या साह्याने केले जाते. महाराष्ट्रातही फलटणच्या बोलीभेदांवरील मॅक्सिन बर्नसन यांच्या संशोधनापासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणापर्यंत प्रत्यक्ष बोलण्याच्या नोंदी घेण्याची परंपरा आहे.

नोंदी हाती आल्या, प्रतिमान ठरले, आज्ञा दिली. आणि संगणकाने उत्तराऐवजी ‘गणित स्थिरावले नाही’ अशी सूचना दिली, असा प्रसंग प्रत्येक अभ्यासकावर येतो. मराठीच्या विद्यार्थ्याला अशा वेळी वाटते की हा गणिताचा प्रांत आहे, आपला नाही. प्रस्तुत घटकाचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ही सूचना बहुतेक वेळा आपल्या सामग्रीविषयी काहीतरी सांगत असते, आणि ते समजून घेण्यास भाषेचा अभ्यासकच अधिक समर्थ असतो. या घटकासाठी बेरीज, गुणाकार आणि थोडा धीर एवढे पुरेसे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ महत्तम संभवनीयता : संकल्पना

एका निवेदकाच्या बोलण्यातील दहा शब्द घ्या. प्रमाण मराठीत ‘ण’ येतो अशा या दहा जागांपैकी सात ठिकाणी त्याने ‘न’ उच्चारला. त्याच्या बोलण्यात ‘न’ येण्याची संभाव्यता किती मानावी? कोणताही अंदाज घेतला, तरी ‘तो खरा असता तर नेमक्या या दहा नोंदी मिळण्याची शक्यता किती होती?’ असा उलट प्रश्न विचारता येतो. या शक्यतेला आपण ‘संभवनीयता’ म्हणू. ज्या अंदाजाला ती सर्वाधिक असते तो अंदाज स्वीकारायचा, ही ‘महत्तम संभवनीयता’ पद्धत होय. इंग्रजी ग्रंथांत तिला ‘मॅक्सिमम लाइकलिहूड’ म्हणतात. तिची सविस्तर मांडणी रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये केली.

संभवनीयता म्हणजे प्रत्येक नोंदीच्या संभाव्यतेचा गुणाकार. नोंदी वाढल्या की हा गुणाकार अतिसूक्ष्म होतो. १,२०० नोंदी असतील आणि प्रत्येकीची संभाव्यता ०.५ असेल, तर दशांशचिन्हानंतर साडेतीनशेहून अधिक शून्ये येतात. संगणकाच्या नेहमीच्या अंकपद्धतीत इतकी लहान संख्या मावत नाही. तो तिला सरळ शून्य मानतो. म्हणून गुणाकाराऐवजी लॉगरिथमांची बेरीज करतात. वरील उदाहरणात ही बेरीज –८३१.८ येते आणि ती संगणक सहज हाताळतो. स्वतः सूत्र लिहून गणित करणाऱ्या नवशिक्याची पहिली अडचण बहुधा येथेच असते.

आता आपल्या दहा शब्दांची लॉग-संभवनीयता पाहा.

अंदाज ०.५ : –६.९३
अंदाज ०.६ : –६.३२
अंदाज ०.७ : –६.११
अंदाज ०.८ : –६.३९

सर्वांत मोठी, म्हणजे शून्याच्या सर्वांत जवळची, संख्या ०.७ समोर आहे. दहांपैकी सात, हे उत्तर आपणांस आधीच ठाऊक होते. परंतु वय, शिक्षण आणि प्रसंग असे अनेक घटक एकत्र आले की उत्तर असे समोर दिसत नाही. ते शोधावे लागते.

४.२.२ शिखराचा शोध

धुक्यात साल्हेर चढणाऱ्या माणसाची कल्पना करा. माथा दिसत नाही; पायाखालचा चढ तेवढा जाणवतो. चढ ज्या दिशेला आहे तिकडे पाऊल टाकायचे, पुन्हा चढ तपासायचा, आणि चारही बाजूंनी उतार लागला की थांबायचे. संगणक हेच करतो. गुणकांच्या आरंभीच्या अंदाजापासून निघून तो प्रत्येक फेरीत चढ मोजतो आणि नवा अंदाज घेतो. चढ जवळजवळ शून्य झाला की गणित ‘स्थिरावले’ असे म्हणतात. फेऱ्यांना मर्यादा असते. ‘आर’मधील लॉजिस्टिक रिग्रेशनच्या नेहमीच्या आज्ञेत ती २५ आहे.

माथ्यावर पोहोचल्यावर तो आणखी एक गोष्ट मोजतो : माथा किती टोकदार आहे. टोकदार माथा असेल तर थोडे बाजूला सरकताच संभवनीयता झपाट्याने घसरते; म्हणजे उत्तर नेमके आहे आणि प्रमाण त्रुटी लहान आहे. माथा अंजनेरीच्या पठारासारखा सपाट असेल तर अनेक उत्तरे जवळजवळ सारखीच चांगली ठरतात आणि प्रमाण त्रुटी मोठी येते. या अचूकतेची सीमा काय, हे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करणाऱ्या सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले.

साध्या लॉजिस्टिक प्रतिमानात एकाहून अधिक वेगळी शिखरे नसतात. म्हणून तेथे गणित अडले तर कारण पुढीलपैकी एक असते : नोंदी चुकल्या आहेत, शिखर अनंतावर गेले आहे, वाट फार अरुंद आहे, किंवा माथा सपाट आहे. निवेदकांचे सुप्त गट शोधणाऱ्या प्रतिमानांत मात्र अनेक शिखरे असू शकतात. तेथे वेगवेगळ्या आरंभबिंदूंपासून गणित करून सर्वांत उंच शिखर निवडावे.

४.२.३ नोंदींतील चुका

निदानाचा आरंभ प्रतिमानापासून नव्हे, तक्त्यापासून करावा. देवनागरीत नोंदी करणाऱ्यांनी एका धोक्याची विशेष जाणीव ठेवावी. ‘बागलाण’ या शब्दापुढे एका ठिकाणी रिकामी जागा राहिली, किंवा ‘स्त्री’ हा शब्द दोन कळफलकांवर टंकला गेल्याने त्यात अदृश्य जोडचिन्ह आले, तर डोळ्यांना शब्द एकच दिसतो. संगणकाला मात्र ते दोन वेगळे गट वाटतात. असा नकली गट तीन-चार नोंदींचा असतो, आणि त्या सर्व नोंदी एकाच प्रकारच्या असल्या तर पुढील उपघटकात वर्णिलेला दोष उद्भवतो. वय माहीत नसल्यास ‘९९९’ लिहिण्याची सवयही अशीच घातक आहे. गणित करण्यापूर्वी प्रत्येक रकान्यात कोणकोणती मूल्ये आहेत आणि ती किती वेळा आली आहेत, याची यादी काढून वाचावी.

४.२.४ अनंतावर गेलेले शिखर : विभाजन

आता एक सविस्तर उदाहरण घेऊ. यातील आकडे अध्यापनासाठी कल्पिलेले आहेत, हे ध्यानात ठेवावे. नाशिक जिल्ह्यातील अहिराणी बोलल्या जाणाऱ्या बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या पट्ट्यात आपण २० निवेदकांचे मराठी संभाषण ध्वनिमुद्रित केले. प्रत्येकाच्या ६० नोंदी, एकूण १,२००. त्यांत चार वृद्ध स्त्रिया आहेत. त्यांच्या २४० नोंदींपैकी २४० ठिकाणी ‘न’ आला. उरलेल्या १६ निवेदकांच्या ९६० नोंदींत ४८० वेळा ‘न’ आणि ४८० वेळा ‘ण’ आला.

वृद्ध स्त्रियांच्या गटासाठी संभाव्यतेचे अंदाज घेऊन पाहू. प्रतिमान संभाव्यता थेट वापरत नाही, तर लॉग-ऑड्स वापरते, म्हणजे ‘न’ची संभाव्यता भागिले ‘ण’ची संभाव्यता, याचा लॉगरिथम.

संभाव्यता ०.९ : लॉग-ऑड्स २.२०, लॉग-संभवनीयता –२५.२९
संभाव्यता ०.९९ : लॉग-ऑड्स ४.६०, लॉग-संभवनीयता –२.४१
संभाव्यता ०.९९९ : लॉग-ऑड्स ६.९१, लॉग-संभवनीयता –०.२४
संभाव्यता ०.९९९९ : लॉग-ऑड्स ९.२१, लॉग-संभवनीयता –०.०२

चढ संपतच नाही. लॉग-ऑड्स कितीही वाढवला तरी संभवनीयता थोडी आणखी वाढते. शिखर अनंतावर आहे. संगणक चढत राहतो, चढ नगण्य झाला की किंवा फेऱ्या संपल्या की थांबतो, आणि वीसच्या आसपासचा गुणक व शेकड्यांत किंवा हजारांत जाणारी प्रमाण त्रुटी छापतो. ‘संभाव्यता शून्य किंवा एक झाली’ अशी सूचनाही बहुधा मिळते. या स्थितीला ‘विभाजन’ म्हणतात. व्हारब्रूलच्या परंपरेत अशा गटाला ‘नॉकआउट’ असे नाव आहे.

येथे एक मोठा सापळा आहे. गुणकाला प्रमाण त्रुटीने भागून सार्थता तपासण्याची आपली सवय असते. त्रुटी अवाढव्य असल्याने भागाकार शून्याजवळ येतो आणि तक्त्यात ‘असार्थ’ असा शेरा उमटतो. म्हणजे संपूर्ण सामग्रीत जो भेद सर्वांत ठळक आहे तोच ‘नाही’ असे लिहिले जाते! वृद्ध स्त्रियांचा गट संदर्भगट म्हणून निवडला गेला असेल तर परिणाम आणखी वाईट होतो. उरलेल्या प्रत्येक गटाचा गुणक अवाढव्य दिसतो आणि प्रत्येकासमोर ‘असार्थ’ हाच शेरा येतो.

योग्य तपासणी अशी. सर्व निवेदकांना एकच संभाव्यता मानली तर ती ७२० भागिले १,२००, म्हणजे ०.६ येते आणि लॉग-संभवनीयता –८०७.६ असते. वृद्ध स्त्रियांचा गट वेगळा मानला तर ती –६६५.४ होते. फरक १४२.२, त्याची दुप्पट २८४.४. नेहमीच्या ५ टक्के पातळीवर सार्थतेसाठी ३.८४ पुरेसे असते. भेद आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. सी. आर. राव यांनी १९४८ मध्ये मांडलेली ‘स्कोअर’ चाचणीही येथे उपयोगी पडते. ती साध्या प्रतिमानाच्या जागी उभे राहून चढ किती तीव्र आहे एवढेच पाहते. तिला अनंतापर्यंत जावे लागत नाही.

विभाजन आढळल्यावर काय करावे?

पहिला मार्ग : ते निष्कर्ष म्हणून सांगावे. ‘या गटात पर्याय आढळला नाही, २४० पैकी २४० नोंदींत न’ हे वाक्य पूर्ण आणि प्रामाणिक आहे. मात्र ‘या स्त्रिया ण कधीच उच्चारत नाहीत’ असे म्हणू नये. सर्व नोंदी परस्परांपासून स्वतंत्र मानल्या तरीही ‘ण’चे प्रमाण शंभरात सव्वापर्यंत असणे या सामग्रीशी सुसंगत ठरते.

दुसरा मार्ग : डेव्हिड फर्थ यांनी १९९३ मध्ये सुचवलेली दुरुस्त संभवनीयता वापरावी. केवळ या गटापुरते पाहिले तर तिचा अर्थ ‘न’ आणि ‘ण’ दोन्हींच्या संख्येत अर्धा मिळवणे असा होतो. २४०.५ भागिले ०.५ म्हणजे ४८१, लॉग-ऑड्स ६.१८. अनंताऐवजी सांत उत्तर मिळते.

तिसरा मार्ग, म्हणजे गट एकत्र करणे, केवळ भाषिक किंवा सामाजिक आधार असेल तरच घ्यावा. गट पाडणे ही तांत्रिक बाब नव्हे. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या सातव्या खंडात न ठेवता नवव्या खंडात भिल्ली भाषांसमवेत ठेवले. अहिराणीचे स्थान कोणते, ही चर्चा त्यानंतरही चालूच राहिली. कोणाला कोणाबरोबर मोजले, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

प्रस्तुत लेखकाने स्वतः या ठिकाणी एकदा चूक केली आहे. संशोधनाच्या आरंभीच्या काळात असाच एक गट आडवा आला, तेव्हा त्यातील निवेदकांना ‘अपवादात्मक’ ठरवून वगळले. सूचना नाहीशी झाली, तक्ता नीटनेटका झाला, आणि ‘सर्व वयोगटांत ण–न हा पर्याय आढळतो’ असे वाक्य लिहिले गेले. ते वाक्य असत्य होते. ज्यांच्या बोलण्यात पर्याय नव्हता, ज्यांच्या ‘पानी’ला शाळेत अशुद्ध म्हटले गेले असते, त्यांनाच मोजणीबाहेर ठेवून ते लिहिले होते. चूक संगणकाची नव्हती. त्याने सूचना दिली होती.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) १२ नोंदींपैकी ९ नोंदींत ‘न’ आला. महत्तम संभवनीयतेचा अंदाज किती?
(आ) एका गटात ३० पैकी ० वेळा ‘न’ आला. त्या गटाच्या लॉग-ऑड्सचे शिखर कोठे असेल?
(इ) विभाजन असताना प्रमाण त्रुटीवर आधारलेली चाचणी का वापरू नये?

४.२.५ अरुंद वाट : मापनपट्टीचा दोष

वयाऐवजी जन्मवर्ष जसेच्या तसे, म्हणजे १९४३, १९७१, २००२ असे प्रतिमानात घातले तर काय होते ते पाहा. प्रतिमानाचा स्थिरांक ‘वर्ष शून्य’मधील बोलीचे वर्णन करू लागतो. जन्मवर्षाचा गुणक ०.००१ ने बदलला, तर १९७५ साली जन्मलेल्या निवेदकाच्या लॉग-ऑड्समध्ये सुमारे २ चा फरक पडतो आणि तो भरून काढण्यासाठी स्थिरांकाला उलट दिशेने तितकेच सरकावे लागते. दोन्ही एकमेकांना असे बांधले गेले की डोंगराचा माथा एका लांब, अरुंद धारेसारखा होतो. सरळ चढाने जाऊ पाहणारा संगणक तीवर नागमोडी भटकतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक जन्मवर्षातून १९७५ वजा करून १० ने भागावे. आता स्थिरांक १९७५ च्या निवेदकाचा आणि गुणक दर दशकामागील बदलाचा होतो. बोलीविषयीचा निष्कर्ष तोच राहतो. तो वाचणे मात्र सुलभ होते.

४.२.६ सपाट माथा : गुंतलेले घटक

आपल्या निवेदकांतील साठीपुढचे सर्वजण शाळेत न गेलेले आणि पंचविशीखालचे सर्वजण महाविद्यालयात शिकलेले आहेत, असे समजू. ‘न’चे प्रमाण वयामुळे कमी झाले की शिक्षणामुळे? ही सामग्री त्याचे उत्तर देऊ शकत नाही. वयाचा वाटा वाढवून शिक्षणाचा कमी केला, किंवा उलट केले, तरी संभवनीयता तीच राहते. काही प्रणाली अशा वेळी एक गुणक गाळतात, तर काही आरंभबिंदू बदलला की वेगळे गुणक देतात. लॉग-संभवनीयता तीच आणि गुणक वेगळे, ही या दोषाची खूण.

येथे संगणकाची कोणतीही आज्ञा उपयोगी नाही. उपाय गावात आहे : शिकलेले वृद्ध आणि शाळा सुटलेले तरुण निवेदक शोधून पुन्हा ध्वनिमुद्रण करावे. ते शक्य नसेल, तर ‘वय आणि शिक्षण यांचा एकत्रित परिणाम’ असे लिहावे. दोहोंपैकी एकाला श्रेय देऊ नये.

४.२.७ निवेदकनिहाय फरक

एका व्यक्तीच्या ६० नोंदी म्हणजे ६० माणसे नव्हेत. म्हणून प्रत्येक निवेदकाची स्वतःची ओढ मान्य करणारी मिश्र प्रतिमाने वापरतात. निवेदक थोडे असले की त्यांच्यातील फरकाचे मोजमाप, म्हणजे विचरण, शून्यावर जाऊन अडकते आणि ‘सिंग्युलर’ अशी सूचना येते. निवेदकनिहाय शैलीचा, शब्दप्रकाराचा आणि प्रसंगाचा परिणाम असे सर्व काही २० निवेदकांवर लादले तर हे अपेक्षितच आहे. असे अतिरिक्त भाग एकेक करून कमी करावेत. निवेदकांतील मूळ फरक मात्र केवळ सूचना टाळण्यासाठी काढून टाकू नये. तो काढला की प्रमाण त्रुटी खोटेपणाने लहान होतात.

४.२.८ निदानाचा क्रम

१. प्रत्येक रकान्यातील मूल्यांची यादी वाचा.
२. प्रत्येक घटकाची ‘ण/न’बरोबर सारणी काढा, शून्य असलेला कप्पा शोधा.
३. संख्यात्मक चलांची मापनपट्टी सुधारा.
४. घटक परस्परांत गुंतले आहेत का, हे त्यांच्या आपसांतील सारणीवरून पाहा.
५. लहान प्रतिमानापासून आरंभ करून एकेक घटक वाढवा. कोणत्या पायरीवर अडते ते नोंदवा.
६. उत्तर ठाऊक असलेली कृत्रिम सामग्री तयार करून तेच प्रतिमान तिच्यावर चालवा. ठाऊक उत्तर परत मिळाले नाही, तर दोष सूत्रात आहे.
७. यानंतरच फेऱ्यांची मर्यादा वाढवा किंवा शोधाची पद्धत बदला.

बहुतेक जण सातव्या पायरीपासून आरंभ करतात. विभाजन असताना फेऱ्या वाढवल्या तर गुणक आणखी मोठा होतो, एवढेच.

४.३ सारांश

महत्तम संभवनीयता पद्धतीत हाती असलेल्या नोंदी सर्वाधिक शक्य ठरवणारे गुणक शोधले जातात. हा शोध नोंदींतील चुका, विभाजन, अयोग्य मापनपट्टी, गुंतलेले घटक किंवा सामग्रीला न पेलणारे प्रतिमान यांमुळे अडतो. प्रत्येक दोषाची खूण वेगळी आणि उपायही वेगळा आहे. निवेदक वगळून मिळवलेले स्थिर गणित हे उत्तर नव्हे. गणित कोणापाशी अडले, हे आधी पाहावे.

४.४ पारिभाषिक शब्द

संभवनीयता : विशिष्ट अंदाज खरा मानल्यास हाती असलेल्या नोंदी मिळण्याची शक्यता.
लॉग-ऑड्स : एका पर्यायाच्या व दुसऱ्या पर्यायाच्या संभाव्यतांच्या गुणोत्तराचा लॉगरिथम.
विभाजन : एखाद्या गटात एकच पर्याय आढळल्याने गुणक अनंताकडे जाण्याची स्थिती.
प्रमाण त्रुटी : अंदाज किती डळमळीत आहे याचे मोजमाप.
निवेदक : जिच्या बोलण्याची नोंद घेतली जाते ती व्यक्ती.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) ०.७५. (आ) उणे अनंतावर. (इ) प्रमाण त्रुटी अवाढव्य झाल्याने अत्यंत ठळक भेदही असार्थ दिसतो. त्याऐवजी लॉग-संभवनीयतांतील फरक पाहावा.

४.६ स्वाध्याय

१. विभाजन ही संकल्पना स्पष्ट करून त्यावरील तीन मार्गांची चर्चा करा.
२. ‘गट पाडणे ही तांत्रिक बाब नव्हे’ या विधानाचे सोदाहरण विवेचन करा.
३. वय आणि शिक्षण हे घटक गुंतलेले असल्यास अभ्यासकाने काय करावे?

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा वस्तीतील दोन वृद्ध व दोन तरुण व्यक्तींशी, त्यांची संमती घेऊन आणि नावे गुप्त ठेवून, प्रत्येकी अर्धा तास गप्पा ध्वनिमुद्रित करा. प्रमाण मराठीत ‘ण’ येणाऱ्या प्रत्येकी ३० जागा निवडून सारणी तयार करा. एखादा कप्पा शून्य आला तर त्याच्याविषयी एक परिच्छेद लिहा. शक्य झाल्यास तो परिच्छेद त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिचे म्हणणेही नोंदवा.